अस्तंब्याचा अश्वत्थामा आणि कांचीचे पल्लव

दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास, नंदुरबार जिल्ह्यातल्या अस्तंब्याच्या डोंगरावर आदिवासी भाविकांच्या रांगा लागतात. सातपुड्यातलं हे शिखर अश्वत्थाम्याचं. १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. त्याआधी हा सगळा मुलूख धुळे जिल्ह्यातच होता. त्यामुळे धुळे-जळगावकडे अश्वत्थामा घरचाच. कपाळावरच्या जखमेला तेल मागत तो रानोमाळ फिरतो, वाट चुकलेल्याला वाटेला लावतो, अशा गोष्टी ऐकतच इथली पोरं मोठी होतात. रावेरच्या पलीकडे बऱ्हाणपूरजवळच्या अशीरगडावर तर तो पहाटे येऊन महादेवाला फूल वाहून जातो म्हणे.

महाभारताच्या सौप्तिकपर्वात कृष्णानं त्याला दिलेला शाप भयंकर आहे. तीन हजार वर्षं एकट्यानं भटकायचं, अंगाला रक्तापुवाचा वास येत राहील, बोलायला कोणी मिळणार नाही. बायको नाही, मूल नाही, घर नाही. म्हणूनच असेल, खानदेशात त्याला नवस बोलले जातात, तेल वाहिलं जातं. पण तो आमचा मूळपुरुष असं सांगणारं घराणं इथे आढळत नाही.

तमिळ देशात मात्र ते आढळतं, आणि तेही साधंसुधं नाही. कांचीचे पल्लव, म्हणजे मामल्लपुरमचे दगडी रथ कोरवणारे राजे, स्वतःला अश्वत्थाम्याचे वंशज म्हणवत. नंदिवर्मन दुसरा या आठव्या शतकातल्या राजाच्या कशाक्कुडी ताम्रपटात वंशावळ सुरू होते ती ब्रह्मदेवापासून. मग अंगिरस, बृहस्पती, भरद्वाज, द्रोण, अश्वत्थामा आणि त्यानंतर पल्लव. अमरावतीच्या एका स्तंभावरच्या लेखात तर अश्वत्थाम्याला मदनी नावाची अप्सरा भेटते, मूल होतं, त्याला कोवळ्या पालवीच्या अंथरुणावर ठेवतात, म्हणून तो पल्लव. शाप वगैरे सगळं बाजूला. गंमत म्हणजे हा लेख खालून वर वाचावा लागतो. पहिली ओळ सगळ्यात खाली आहे. कुठलीही वंशावळ कशी वाचावी याचा याहून चांगला धडा दगडावर सापडणं कठीण.

कारण पल्लवांचीच कागदपत्रं खालून वर, म्हणजे जुन्याकडून नव्याकडे वाचली तर वेगळं काही दिसतं. चौथ्या शतकातले त्यांचे प्राकृत ताम्रपट अश्वत्थाम्याचं नावही घेत नाहीत. तिथे फक्त भारद्वाज गोत्र आहे. राज्य वाढलं, कांची मोठी झाली, दरबारी संस्कृत कवी आले आणि मग गोत्राच्या वर एकेक मजला चढत गेला. वंशावळी वरच्या बाजूनं वाढतात. अश्वत्थाम्याचीच निवड का झाली असावी, याचा माझा अंदाज असा: गोत्र ब्राह्मणाचं आणि धंदा तलवारीचा, हा पेच होता. महाभारतात भारद्वाज गोत्रातला, शस्त्र धरणारा ब्राह्मण शोधायला गेलं तर द्रोण आणि त्याचा मुलगा, हेच समोर येतात. युक्ती चांगली चालली. आजच्या व्हिएतनाममधल्या मी सॉन इथल्या इ.स. ६५८ च्या लेखात कौंडिण्य नावाच्या ब्राह्मणाला द्रोणपुत्र अश्वत्थाम्यानं दिलेला भाला येतो, आणि त्या कौंडिण्यापासून तिकडचा एक राजवंश सुरू होतो. सातपुड्यात एकटा फिरणारा माणूस समुद्रापार राजांना वंश देत होता.

इतिहासाची आवड असणारी चार माणसं जळगावात किंवा धुळ्यात जमली की विषय फिरून फिरून ‘आपण मूळचे कुठले’ यावर येतो. लेवा पाटीदार गुजरातकडे बोट दाखवतात, राजपूत घराणी राजस्थानकडे, अहिर मथुरा-द्वारकेकडे. भिल्लांमध्ये एकलव्याचं नाव अभिमानानं घेतलं जातं, आणि ते मला फार बोलकं वाटतं. महाकाव्यातून पूर्वज निवडताना राजा न निवडता ज्याच्यावर अन्याय झाला त्याला निवडणं हे वेगळ्याच धाटणीचं वंशकथन आहे. भाटांच्या वह्या निघतात, कुलदैवतांची ठिकाणं मोजली जातात. हल्ली या बैठकीत तमिळ लोकांचाही विषय निघतो. ते तर द्रविड, आपण आर्य, मग त्यांच्याकडे पांडव कसे? किंवा उलट: त्यांच्याकडेही यादव आहेत, म्हणजे आपण एकच. दोन्ही बाजूंना घाई झालेली असते.

खानदेशातच एक दगड आहे, तो या घाईवर उतारा ठरावा. चाळीसगावजवळच्या पाटणला, पाटणादेवीच्या परिसरात, एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एक शिलालेख उजेडात आणला. लेख इ.स. १२०७ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि तिथल्या निकुंभ घराण्यातल्या राजानं त्याला देणगी दिली, हा त्याचा विषय. या एका दगडावर तीन वंश आहेत. देवगिरीचे सम्राट यदूच्या कुळातले. त्यांचे मांडलिक निकुंभ सूर्यवंशातले. आणि मठ काढणारा ज्योतिषी शांडिल्य गोत्रातला. दरबारात ज्याची जी पायरी त्याला साजेसा मूळपुरुष.

यातलं काय पडताळता येतं? यदू किंवा सूर्य तर नाहीच. पण भास्कराचार्यांनी आपला जन्म शके १०३६ चा आणि वडिलांचं नाव महेश्वर हे स्वतःच्या ग्रंथात लिहून ठेवलंय. ते या दगडाशी जुळतं. मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव यांना आश्रय देणारे जैत्रपाल आणि सिंघण हे राजे इतर पुराव्यांतही भेटतात. खालच्या चार-पाच पिढ्या इतिहासाच्या, वरच्या काव्याच्या. त्याहून खाली, संस्कृत संपल्यावर, लेख चक्क मराठीत बोलू लागतो: पाटणच्या बाजारात माल उघडला की राजाचा जो हक्क तो मठाला, घाण्यामागे इतकं तेल मठाला. सूर्याचं नाव सांगायला संस्कृत आणि तेलाचा हिशेब सांगायला मराठी, ही वाटणी १२०७ मध्ये इतकी स्वच्छ होती. पाटणला हेमाडपंती देऊळ बघायला जाणाऱ्यांपैकी किती जण ही मराठी वाचून येतात कोण जाणे.

आता यादवांकडे. देवगिरीचे यादव ‘द्वारावतीपुरवराधीश्वर’ अशी बिरुदावली लावत, म्हणजे श्रेष्ठ द्वारका नगरीचे स्वामी. त्यांचा मूळचा सेउणदेश म्हणजे नाशिकपासून देवगिरीपर्यंतचा पट्टा, खानदेशाला लागूनच. यादवांचा मंत्री हेमाद्री यानं व्रतखंडाच्या प्रशस्तीत यदू, कृष्ण, द्वारका असं करत सुबाहूपर्यंत आणि त्याचा मुलगा दृढप्रहार दक्षिणेत आला इथपर्यंत साखळी जोडली. दृढप्रहार नवव्या शतकातला, हेमाद्री तेराव्या. मधल्या चारशे वर्षांतच घराण्याला द्वारका अधिकाधिक आठवत गेली. त्यांचे कर्नाटकातले हाडवैरी होयसळ, तेही स्वतःला यादव म्हणवत आणि हेच द्वारकेचं बिरुद मिरवत. एकमेकांची गावं जाळणारे दोन्ही द्वारकेचे स्वामी.

आणि द्वारकेचा दावा तमिळनाडूत याहून जुना आहे. पुरनानूरु या संगमकालीन संग्रहात कपिलर नावाचा कवी इरुंकोवेळ या वेळिर सरदाराला म्हणतो की तुवरै नगरीत राज्य केलेल्यांच्या एकोणपन्नास पिढ्यांनंतरचा तू. तुवरै म्हणजे द्वारका, असं बरेच जण मानतात. नच्चिनार्क्किनियर या मध्ययुगीन भाष्यकारानं तर अगस्त्य ऋषींनी द्वारकेहून वेळिरांची अठरा घराणी दक्षिणेत आणली अशी कथा सांगितली. खानदेशातल्या बैठकीत ही गोष्ट सांगितली की लगेच नकाशा निघतो: द्वारका, तापीचं खोरं, कर्नाटक, कावेरी. एक बाण काढला की झालं.

पण कपिलर ही पिढ्यांची गणती कुठल्या प्रसंगी करतोय ते बघायला हवं. त्याचा मित्र, परंबु डोंगराचा राजा पारी, तीन तमिळ राजांनी मिळून मारला. पारीच्या दोन मुली मागे राहिल्या. त्यांना घेऊन हा कवी दारोदार स्थळं शोधत फिरतोय. इरुंकोवेळ त्यातलं एक स्थळ. म्हणजे एकोणपन्नास पिढ्यांचा उल्लेख सोयरिकीच्या बोलणीतला आहे! लग्नाच्या बैठकीत समोरच्याचं घराणं किती वर नेतात हे आपल्याला कोणी शिकवायला नको. इरुंकोवेळनं नकार दिला आणि पुढच्याच कवितेत कपिलरनं त्याचा समाचार घेतला. या कवितेतून वेळिर द्वारकेहून आले हे सिद्ध होत नाही. पण तुवरै म्हणजे द्वारकाच असेल, तर द्वारकेहून येणं त्या काळच्या तमिळ देशात मानाचं होतं, म्हणजेच कृष्णाची कथा तिथे तेव्हाच रुजली होती, हे मात्र नक्की कळतं. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात चोळ, पांड्य, सतियपुत्र, केरळपुत्र ही नावं नुसतीच येतात, कुठल्याही चंद्रसूर्याशिवाय. पुढे पांड्यांच्या शिन्नमनूर ताम्रपटात त्यांच्या पूर्वजांनी महाभारत तमिळमध्ये आणवल्याची बढाई आहे. चेर राजा उदियन यानं तर कुरुक्षेत्रावर दोन्ही सैन्यांना जेवू घातलं, अशी स्तुती पुरनानूरुच्या दुसऱ्याच कवितेत सापडते. लढाईत कोणाची बाजू घ्यावी हा प्रश्नच मिटवला.

अहिरांचं प्रकरण सगळ्यात गुंतागुंतीचं. अहिराणी बोलणाऱ्या खानदेशाचं नातं आभीरांशी जोडलं जातं आणि आभीरांचं यादवांशी. पण मौसलपर्व उघडा. द्वारका बुडाल्यावर अर्जुन यादवांच्या बायकामुलांना घेऊन निघतो, तेव्हा पंचनदात त्यांच्यावर तुटून पडणारे लोक आभीरच आहेत. ज्या ग्रंथातून वंश घ्यायचा त्याच ग्रंथात हे लिहिलंय. याउलट नाशिकच्या लेण्यांत तिसऱ्या शतकातला आभीर राजा ईश्वरसेन याच्या राजवटीतला लेख बघा. राजाची ओळख आईवरून माढरीपुत्र आणि बाप आभीर शिवदत्त, एवढीच. कृष्ण नाही, यदू नाही. आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी पैसा ठेवलाय तो कारागिरांच्या श्रेणींकडे, त्यात तेलीही आहेत. मला विचाराल तर कुठल्याही पुराणपुरुषापेक्षा हा पूर्वज सांगायला बरा. आणि या लेण्यांना लोक म्हणतात काय? पांडवलेणी. एरंडोलला एकचक्रानगरी आणि जवळच्या पद्मालयाला बकासुर वधाची जागा म्हणतात, तसंच. एकचक्रा असल्याचा दावा उत्तर प्रदेश, बिहार, बंगालमधलीही गावं करतात. पल्लवांच्या मामल्लपुरमच्या रथांनाही पांडवांची नावं लोकांनी मागाहून दिली.

मग रक्ताचं काय, असा प्रश्न येतोच. तापीकाठच्या सावळद्यावरून नाव मिळालेली ताम्रपाषाण संस्कृती चार हजार वर्षांपूर्वीची. धुळे जिल्ह्यातल्या कवठ्याला तिची वस्ती उत्खननात सापडली. ते लोक कोणती भाषा बोलत हे मडकी सांगत नाहीत. २०१३ साली भारतातल्या ७३ समूहांच्या जनुकांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात उत्तरेकडचा आणि दक्षिणेकडचा असे दोन मोठे वंशप्रवाह जवळजवळ सगळ्यांमध्ये मिसळले आणि त्यानंतर जातीत लग्नं करण्याची पद्धत घट्ट झाली, असा त्याचा निष्कर्ष. खानदेशी आणि तमिळ माणसाचं नातं आहे ते असं, प्रमाण कमीजास्त. त्यात कुठला यदू किंवा द्रोण ओळखता येत नाही.

वंशावळींच्या या विषयातला खानदेशातला सगळ्यात मोठा माणूस बाहेरून आलेला होता. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आयुष्याच्या शेवटी धुळ्यात राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच गेले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात आहे. शहाजीराजांच्या बंगळूरच्या दरबारातला कवी जयराम पिंड्ये याचा ‘राधामाधवविलासचंपू’ राजवाड्यांनी १९२२ मध्ये लांबलचक प्रस्तावनेसह छापला. भोसले घराणं मेवाडच्या सिसोद्यांचं, म्हणजे सूर्यवंशी, हा दावा शिवरायांच्या राज्याभिषेकाच्या आधीपासून दरबारी कवी मांडत होते याचा हा महत्त्वाचा कागद. याच शहाजींचे एक पुत्र व्यंकोजी तंजावरला गेले. तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर राजराज चोळाचे तमिळ लेख आहेत आणि १८०३ मध्ये सरफोजी दुसरे यांनी कोरवून घेतलेला भोसले वंशाचा भलामोठा इतिहास मराठीत आहे. चोळही सूर्यवंशी, तिरुवालंगाडु ताम्रपटात त्यांची वंशावळ सूर्यापासून इक्ष्वाकूमार्गे खाली येते. भोसलेही सूर्यवंशी. एका आवारात, आठशे वर्षांच्या अंतरानं, दोन घराण्यांनी आपापल्या भाषेत आपली कीर्ती कोरली. तरी चोळांचे भाऊबंद म्हणून तंजावरवर आमचा हक्क आहे, असा दावा सरफोजींच्या कारकुनांनाही सुचला नाही.