'वे' लिहिताच वेळापूर

वेळापूरच्या शेतकऱ्याला 'महाभूलेख' या संकेतस्थळावर सातबारा पाहायचा असेल, तर जिल्हा, तालुका व गाव क्रमाने निवडावे लागते. चौकटीवर टिचकी मारली की खाली यादी उघडते. हिला ड्रॉपडाउन म्हणतात. ३६ जिल्ह्यांतून सोलापूर निवडला की ११ तालुके उरतात, माळशिरस निवडला की त्या तालुक्यातील गावेच उरतात. प्रत्येक उत्तर पुढची यादी लहान करते.

यादी तरीही लांब असेल, तर दुसरी सोय करता येते. आपण 'वे' लिहिले की संगणक 'वे'ने सुरू होणारी नावे सुचवतो. याला ऑटोकम्प्लीट म्हणतात. नावे क्रमाने लावलेली असतील, तर संगणक यादीचा मध्य पाहून निम्मा भाग सोडून देतो. अशा रीतीने हजार नावांतही जास्तीत जास्त दहा तुलना पुरतात.

पण 'क्रमाने' म्हणजे कोणत्या? १९९१ साली आलेल्या युनिकोड या संकेतप्रणालीत प्रत्येक चिन्हाला क्रमांक आहे. त्यात 'ळ' हा 'ल'नंतर, 'व'च्या आधी येतो. मराठी वर्णमालेत मात्र तो 'ह'नंतर येतो. म्हणून केवळ क्रमांकांनुसार लावलेल्या यादीत 'वेळ' हा शब्द 'वेष'च्या आधी येतो. आपल्या शब्दकोशात तो नंतर सापडतो. मराठी क्रम कार्यक्रमात वेगळा सांगावा लागतो.

दुसरी अडचण शुद्धलेखनाची. कोणी 'वेळापुर' लिहितो, कोणी 'वेलापूर'. अक्षरशः जुळणी केली तर गाव सापडणारच नाही. म्हणून केवळ तुलनेपुरते 'उ-ऊ', 'इ-ई' आणि 'ल-ळ' एकच मानावेत. पडद्यावर मात्र मूळ नावच दाखवावे.

येथे एक पथ्य आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सुचवणे म्हणजे निवडणे नव्हे. जुळणारे नाव नसताना संगणकाने यादीतले पहिले नाव आपणहून भरले, तर अर्जावर भलत्याच गावाचे नाव जाईल आणि हेलपाटे शेतकऱ्याला पडतील. अशा वेळी 'नाव सापडले नाही' असे स्पष्ट सांगणेच योग्य.

वर्गात हे सहज दाखवता येईल. हजेरीपटातील नावे वर्णानुक्रमे फळ्यावर लिहा. एका विद्यार्थ्याने मनात एक नाव धरून त्याचे एकेक अक्षर सांगावे, इतरांनी न जुळणारी नावे पुसावीत. किती अक्षरांनंतर एकच नाव उरते, हे मुलांनाच मोजू द्या.