जगज्जेतेपदातला खारीचा वाटा

पोकेमॉनच्या स्पर्धात्मक खेळात समतोल संघ कसा बांधतात?

ऑगस्ट २०१४. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे पोकेमॉन या व्हिडिओ गेमची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा अंतिम टप्प्यात आली होती. दक्षिण कोरियाचा पार्क से-जुन हा खेळाडू या टप्प्यापर्यंत पोहोचला होता तो एका अनपेक्षित पात्रासह. पाचिरिसू हे त्याचे नाव. गालांतून विजेच्या ठिणग्या सोडणारी ही पांढरी-निळी चिमुकली खार. मातब्बर खेळाडू तिच्याकडे सहसा ढुंकूनही पाहत नसत. मात्र स्पर्धा संपली तेव्हा प्रौढ गटाचे जगज्जेतेपद पार्कच्या नावावर जमा झाले होते आणि त्या विजयात खारीचा वाटा अक्षरशः खारीने उचलला होता.

हा केवळ नशिबाचा भाग नव्हता. शेकडो पर्याय हाताशी असताना पार्कने ही दुबळी खार का निवडली, हे समजून घेतले की या खेळातील संघबांधणीचे सारे इंगित उलगडते.

दोघांविरुद्ध दोघे

'पोकेमॉन' हा खेळ १९९६ मध्ये जपानमध्ये निन्टेन्डोच्या 'गेम बॉय' या हातात मावणाऱ्या यंत्रावर प्रथम आला. सातोशी ताजिरी हा त्याचा जनक. तेव्हा खेळात १५१ जीव होते. आता त्यांची संख्या हजारावर गेली आहे. आपल्याकडील बहुतेकांना त्याची ओळख झाली ती कार्टून मालिकेतून. त्यामुळे लाडका पिकाचू जिद्दीच्या जोरावर कोणालाही हरवतो, असा समज रूढ आहे. स्पर्धेच्या मैदानात मात्र जिद्दीला गुण नाहीत. तेथे हिशेब चालतो.

अधिकृत स्पर्धांतील लढत दुहेरी असते. प्रत्येक खेळाडू सहा जीवांचा संघ आणतो. प्रतिस्पर्ध्याचे सहा जीव पाहून आपल्यातील चार निवडतो आणि एका वेळी दोन मैदानात उतरवतो. प्रत्येक जीवाला चारच चाली येतात. दोन्ही खेळाडू आपापल्या चाली गुप्तपणे ठरवतात आणि मग त्या वेगाच्या क्रमाने घडतात. ज्याचे चारही जीव आधी गारद होतात, तो हरतो. एकाच जातीचे दोन जीव संघात घेता येत नाहीत, तसेच दोघांना एकच वस्तूही देता येत नाही. सर्वांची पातळीही समान धरली जाते. त्यामुळे महिनोन् महिने खेळून जीव 'मोठा' केला म्हणून फायदा मिळत नाही. निर्णायक ठरते ती निवड.

अठरा प्रकारांचे गणित

निवडीचा पहिला निकष प्रकारांचा. अग्नी, जल, वनस्पती, वीज, बर्फ, भूमी असे एकूण अठरा प्रकार या खेळात आहेत; त्यांतील अठरावा, म्हणजे परी हा प्रकार २०१३ मध्ये दाखल झाला. पाणी आगीला विझवते, आग झाडाला जाळते, झाड पाणी शोषते, असे हे दगड-कागद-कात्रीचे विस्तारलेले रूप आहे. प्रतिकूल प्रकाराचा मारा दुप्पट लागतो, अनुकूल असेल तर निम्मा आणि काही वेळा मुळीच लागत नाही.

एका जीवाचे दोन प्रकार असू शकतात आणि तेथे गुणाकार होतो. ग्याराडोस हा प्रचंड जलसर्प जल आणि उड्डाण अशा दोन प्रकारांचा आहे. दोन्ही प्रकारांना विजेचे भय, म्हणून विजेचा तडाखा त्याला चौपट बसतो. गार्चॉम्प हा ड्रॅगन आणि भूमी प्रकारांचा. त्याला विजेचा स्पर्शही होत नाही, परंतु बर्फाचा मारा चौपट लागतो. निर्दोष जीव असा कोणीच नाही. म्हणूनच सहाही जीव निवडल्यावर त्यांच्या उणिवांची यादी शेजारीशेजारी मांडावी लागते. सहापैकी तीन जण एकाच माऱ्याला बळी पडत असतील, तर प्रतिस्पर्ध्याचा एकच योग्य जीव सारा डाव उधळून लावू शकतो. याउलट, एकाला न झेपणारा मारा झेलण्यास दुसरा सज्ज असेल, तर तीच उणीव प्रतिस्पर्ध्यासाठी सापळा बनते.

अकरा सलामीवीरांचा संघ

नवोदित खेळाडूची नेहमीची चूक म्हणजे सहाही जागी जबरदस्त मारा करणारे जीव घेणे. अकरा सलामीवीर घेऊन क्रिकेटचा संघ उतरवण्यासारखाच हा प्रकार. समतोल संघात कामांची वाटणी असते.

मारा करणारेही दोन तऱ्हांचे लागतात. अंगबळाने प्रहार करणारे आणि विशेष शक्तीने प्रहार करणारे. कारण ग्याराडोससारखे काही जीव मैदानात उतरताच आपल्या दराऱ्याने समोरच्या दोघांचे अंगबळ दोन-तृतीयांशावर आणतात. संघातील सर्वच जण अंगबळावर विसंबून असतील, तर पहिल्याच क्षणी हल्ल्याची धार बोथट होते.

दुसरा घटक वेगाचा. आधी वार करणारा अनेकदा समोरच्याला वार करण्याची संधीच देत नाही. 'टेलविंड' या चालीने आपल्या बाजूचा वेग चार फेऱ्यांपुरता दुप्पट होतो. 'ट्रिक रूम' या चालीने उलटाच न्याय लागू होतो आणि सर्वांत मंद जीव सर्वांत आधी वार करतो. या दोन योजनांपैकी आपण कोणत्या योजनेवर चालणार, हे ठरवल्याशिवाय जीव निवडणे व्यर्थ. वेगवान आणि मंद जीवांची सरमिसळ वरवर समतोल भासते; प्रत्यक्षात कोणतीही योजना अर्ध्या संघालाच मानवते.

तिसरा घटक आधाराचा. 'फेक आउट' ही चाल मैदानात उतरल्यावर पहिल्या फेरीत समोरच्याला दचकवते आणि त्याची पाळी वाया घालवते. 'प्रोटेक्ट' एका फेरीपुरते जवळपास संपूर्ण संरक्षण देते. 'फॉलो मी' प्रतिस्पर्ध्याचे एकट्यावर रोखलेले हल्ले स्वतःकडे ओढून घेते. अशा चालींनी शत्रूला फारशी इजा होत नाही, पण मारा करणाऱ्या सोबत्याला एक मोकळी फेरी मिळते. चार जीवांच्या छोट्या लढतीत एक फेरी फार मोलाची असते.

एकेका जीवाच्या अंगीही असाच जमाखर्च असतो. जीवनशक्ती, मारा, बचाव, विशेष मारा, विशेष बचाव आणि वेग या सहा क्षमतांवर खर्च करण्यासाठी २०१४ च्या खेळात प्रत्येकाला ५१० गुण मिळत आणि एका क्षमतेवर जास्तीत जास्त २५२ गुण लावता येत. म्हणजे दोनच क्षमता शिगेला नेता येत. वेग हवा तर चिवटपणा सोडावा लागे.

खारीने नेमके काय केले?

आता पार्कच्या संघाकडे वळू. पाचिरिसूसोबत त्यात ग्याराडोस, गार्चॉम्प, टॅलनफ्लेम, गार्डेव्हॉर आणि गोथिटेल असे पाच जण होते. लढतीत 'मेगा' रूप धारण करणारा ग्याराडोस हे संघाचे मुख्य अस्त्र. त्याला विजेचे भय, आणि अग्नी-उड्डाण प्रकारच्या टॅलनफ्लेमलाही तेच भय. म्हणजे वीज ही संघाची सर्वांत मोठी फट. गार्चॉम्पला वीज लागत नाही, पण शेजारच्या सोबत्यावर रोखलेली वीज तो अडवू शकत नाही.

ती फट पाचिरिसूने बुजवली. तिच्यातील 'व्होल्ट अ‍ॅब्सॉर्ब' या गुणामुळे विजेचा मारा तिला इजा करत नाही. उलट तिची एक-चतुर्थांश जीवनशक्ती भरून निघते. 'फॉलो मी' करून ती उभी राहिली की ग्याराडोसवर सोडलेली वीज तिच्याकडे वळते आणि औषध ठरते. शत्रूने वीज सोडावी तर खार सुदृढ होते, न सोडावी तर ग्याराडोस मोकाट सुटतो.

पाचिरिसूच्या सहा मूळ क्षमतांची बेरीज अवघी ४०५, तर गार्चॉम्पची ६००. पण पार्कने तिच्याकडून माऱ्याची अपेक्षाच ठेवली नाही. तिचे गुण त्याने तग धरण्यावर खर्च केले आणि तिला ज्या दोन आक्रमक चाली दिल्या, त्यांचे मोल तिच्या ताकदीवर अवलंबून नव्हते. 'सुपर फँग' समोरच्याची उरलेली जीवनशक्ती थेट निम्मी करते. वार करणारा बलवान असो वा दुबळा. 'नझल'चा वार किरकोळ, मात्र तो लागला की समोरचा लुळा पडतो आणि त्याचा वेग घटतो. उरलेले काम सोबत्यांचे. गार्डेव्हॉर ड्रॅगनांचे हल्ले निष्प्रभ करणारी, गोथिटेल शत्रूला मैदान सोडू न देणारी, तर टॅलनफ्लेम त्या वेळच्या नियमांनुसार उड्डाण प्रकारचे वार सर्वांआधी करणारा. प्रत्येक जागेला कारण होते.

समतोल कायमचा नसतो

पार्कचा संघ जसाच्या तसा पुढे वापरता आला नसता. २०१६ च्या स्पर्धांत एरवी वर्ज्य असलेले दोन अतिबलाढ्य जीव संघात घेण्यास मुभा मिळाली. त्याच वर्षअखेरीस आलेल्या नव्या खेळांत टॅलनफ्लेमचा खास गुण केवळ पूर्ण जीवनशक्ती असतानाच चालेल, असा बदल झाला. २०१९ च्या 'स्वोर्ड' आणि 'शील्ड' या खेळांत मेगा रूपेच नव्हती. २०२२ च्या 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट' या खेळांत तर भर लढतीत जीवाचा प्रकार बदलण्याची सोय आली. समतोल हा नेहमी त्या त्या वर्षीच्या मैदानाशी साधायचा असतो.

तथापि बांधणीची रीत टिकून आहे. आधी एकमेकांना पूरक अशी एक जोडी निवडावी. तिला कोण हरवू शकतो, ते लिहून काढावे. तिसरा आणि चौथा जीव त्या यादीला उत्तर म्हणून घ्यावा. पाचवा आणि सहावा उरलेल्या धोक्यांसाठी राखावा. मग भरपूर सराव सामने खेळावेत आणि सहापैकी कोणता जीव चौघांत कधीच निवडला जात नाही, याची नोंद ठेवावी. तो कितीही लाडका वा बलाढ्य असला, तरी त्याची जागा रिकामीच आहे असे समजावे.

शेवटी प्रत्येक जीवाबाबत एकच प्रश्न विचारायचा असतो : याला वगळले, तर शत्रूला कोणती वाट मोकळी होते? उत्तर सापडत नसेल, तर तो जीव केवळ संख्या भरण्यापुरता आहे. पार्कच्या संघातून पाचिरिसू वगळली असती, तर विजेची वाट थेट ग्याराडोसपर्यंत मोकळी झाली असती. हीच खार दुसऱ्या कोणा संघात उचलून ठेवली, तर ती निव्वळ एक दुबळी खार ठरते.