अवर्षण आणि ख्रिस्ती प्रार्थना

रोहिणी कोरड्या गेल्या, मृगानें हुलकावणी दिली आणि आर्द्राही तशाच सरूं लागल्या, म्हणजे महाराष्ट्रांतील खेडीं देवाकडे वळतात. कोठें महादेवाची पिंडी पाण्यांत बुडवून ठेवतात, कोठें मुलें धोंडीचीं गाणीं म्हणत दारोदार हिंडतात, कोठें मुसलमान बांधव उघड्या मैदानावर नमाज पढतात. त्याच दिवसांत ख्रिस्तमंदिरांतूनही पावसासाठीं प्रार्थना होतात. पाऊस वाऱ्यांच्या आणि समुद्राच्या नियमांनीं पडतो हें शाळेंतील मूलही जाणतें. मग ख्रिस्ती मनुष्य प्रार्थनेंत नेमकें काय मागतो? आणि मागूनही आकाश निरभ्रच राहिलें, तर त्याच्या श्रद्धेचें काय होतें?

ह्या प्रश्नाचें मूळ बायबलाच्या भूमींतच आहे. मिसर देशाला नाईल नदीचा आधार होता. पॅलेस्टाईनला असा आधार नव्हता. तेथील शेती हिवाळ्याच्या मागच्यापुढच्या पावसावर जगे. त्यामुळें अवर्षण हा बायबलांतील नित्याचा विषय आहे. ख्रिस्तपूर्व नवव्या शतकांत, अहाब राजाच्या काळीं, मोठें अवर्षण पडलें. त्या वेळीं एलीया संदेष्टा सारफथ गांवच्या एका परक्या विधवेच्या दारीं गेला. तिच्या घरीं मूठभर पीठ आणि थोडें तेल एवढेंच उरलें होतें. त्यांतूनच तिनें त्याला भाकर करून दिली. पुढें कर्मेल डोंगरावर एलीयानें पावसासाठीं प्रार्थना केली. त्याचा चाकर सात वेळां समुद्राकडे पाहून आला, तेव्हां कोठें तळहाताएवढा ढग दिसला. कथेंतील क्रम ध्यानांत घेण्याजोगा आहे : आधीं घासांतील घास वांटला गेला, पाऊस मागाहून आला.

परंतु बायबल एवढेंच सांगून थांबत नाहीं. मंदिराच्या अर्पणप्रसंगीं शलमोनानें अवर्षण हें लोकांच्या पापाचें फळ मानून क्षमा मागितली. उलट येशूनें सांगितलें कीं, देव नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो. त्यामुळें ज्याचें शेत करपलें तोच पापी, असें म्हणण्याचा अधिकार कोणाला उरत नाहीं. यिर्मयाच्या ग्रंथांत अवर्षणांतील विनवणी नाकारली गेल्याचें वर्णन आहे. हबक्कूक तर पीक बुडालें, गोठा रिता झाला, तरी देवाच्या ठायीं आनंद मानण्याचा निश्चय करतो. पाऊस मिळेल ह्या हमीवर उभी असलेली श्रद्धा ती ही नव्हे.

आपल्या महाराष्ट्रांत ह्या श्रद्धेची कसोटी पंडिता रमाबाईंच्या आयुष्यांत दिसते. त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळाच्या हालअपेष्टांत गेलीं. वडिलांचा मृत्यु १८७४ मधील. त्या कुटुंबानें जपजाप्य, उपवास, दानधर्म ह्यांत कांहीं उणें ठेवलें नव्हतें, हें त्यांनीं स्वतःच १९०७ मध्यें लिहून ठेवलें आहे. प्रार्थना करूनही माणसें उपाशी मरतात, हें ज्यांनीं तरुणपणीं पाहिलें, त्यांनीं १८८३ मध्यें ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावरही प्रार्थना सोडली नाहीं. पण १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या प्रार्थना करून घरीं बसल्या नाहींत. मध्य प्रांतांत जाऊन त्यांनीं सुमारें ३०० निराधार मुलीस्त्रिया आणल्या. १८९९-१९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतून आणखी शेंकडों आल्या, आणि केडगांवच्या मुक्तिसदनांतील संख्या २,००० च्या घरांत गेली. केडगांव स्वतःच कमी पावसाचें. तेथें विहिरी खणल्या, शेती केली. मुलींना विणकाम, तेलाची घाणी, छपाई हे उद्योग शिकविले. तेथें उपासना आणि कुदळ हीं एकमेकांचीं विरोधी नव्हतीं.

येथें एक कडू प्रश्न टाळतां येत नाहीं. अशा दुष्काळांत मिशनांनीं अन्न दिलें आणि पुष्कळांनीं धर्मांतर केलें. तें भुकेचें कीं श्रद्धेचें, अशी शंका तेव्हांही घेतली गेली. शंका अगदींच निराधार नाहीं, कारण उपाशी मनुष्याची निवड पूर्ण मोकळी नसते. म्हणून अन्न देणाऱ्याची जबाबदारी मोठी. येशूनें स्वतः दान गाजावाजा न करतां आणि प्रार्थना दार लावून करावयास सांगितली आहे. त्या शिकवणीच्या मापानें प्रत्येक मदत मोजावी. मात्र मरणाच्या दारांतून परत आणलेल्या बालकाचें मोल ह्या वादानें कमी होत नाहीं.

तेव्हां ख्रिस्ती प्रार्थना हा देवाशीं केलेला सौदा नव्हे. लेंकराप्रमाणें ती पाऊस मागते खरी, पण गेथशेमाने बागेंतील येशूप्रमाणें शेवट देवाच्या इच्छेवर सोपविते. शिवाय येशूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत भाकर मागतांना 'माझी' असा शब्द नाहीं, 'आमची' असा आहे. ज्याच्या विहिरीला अजून पाणी आहे त्यानें हा शब्द उच्चारला, कीं शेजारच्या कोरड्या आडाचा भार त्याच्यावर येतो. पाऊस केव्हां पडेल हें माणसाच्या हातीं नाहीं. त्या विहिरीचा दोर शेजाऱ्याच्या हातीं देणें मात्र आहे.