शेवगा आणि हादगा : शालेय परसबागेतील दोन वृक्ष

शाळेची परसबाग म्हटली म्हणजे मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर यांचे वाफे डोळ्यांपुढे उभे राहतात. मुलांना शिकविण्यास हे वाफे उत्तम खरे. परंतु त्यांना वरचेवर पाणी हवे आणि रोज लक्ष देणारा मनुष्य हवा. उन्हाळ्याच्या सुट्टीत या दोन्ही गोष्टी दुर्मिळ होतात, आणि जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा वाफ्यांच्या जागी पुष्कळदा वाळलेली ढेकळेच उरलेली असतात. म्हणून वाफ्यांच्या जोडीला असे दोन-चार वृक्ष असावेत की, जे एकदा मूळ धरल्यावर सुट्टीत तग धरतील आणि पुढे अनेक वर्षे मुलांच्या ताटात पाला, फुले व शेंगा देत राहतील. शेवगा व हादगा हे असे वृक्ष होत.

दोन्ही वृक्ष आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. पानमळ्यात नागवेलीला आधार म्हणून शेवरी व पांगारा यांच्याबरोबर हे दोन्ही लावले जातात. दोन्ही झपाट्याने वाढतात, आणि दोहोंचा कोवळा पाला, फुले व कोवळ्या शेंगा यांची भाजी होते. परंतु एवढ्या साम्यावरून दोहोंना एकाच जागी लावले व एकाच रीतीने तोडले, तर त्यांपैकी एक झाड हातचे जाण्याचा संभव फार. त्यांचे स्वभाव भिन्न आहेत, आणि तो भेद ध्यानी घेऊनच लागवड केली पाहिजे.

जमीन व पाणी

शेवगा हा कोरड्या पायाचा वृक्ष आहे. हलकी, मुरमाड, निचऱ्याची जमीन त्याला मानवते. मूळ धरल्यावर तो कमी पावसावरही जगतो; मात्र बुंध्याशी पाणी साचून राहिले की मुळे कुजतात. काळ्या चिकण जमिनीत तो लावावयाचाच असल्यास उंचवट्यावर किंवा मातीचा वरंबा करून लावावा.

हादग्याचे याच्या उलट आहे. भारी काळी जमीन, पावसाळ्यात काही काळ पाणी धरून ठेवणारा बांध, हात-पाय व ताटे धुण्याच्या पाण्याचा पाट यांच्याजवळ तो आनंदाने वाढतो. किंचित खारवट जमीनही तो सोसतो. शिवाय तो शेंगवर्गीय आहे. त्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र झाडास उपलब्ध करून देतात, आणि गळलेल्या पाल्याने भोवतालची जमीनही सुधारते. कडाक्याची थंडी मात्र त्याला सोसत नाही. तसेच सोसाट्याच्या वाऱ्यात तो मोडतो. म्हणून उघड्या माळावर त्याला लावू नये.

लागवड

दोन्ही झाडे मृगाच्या सुमारास, पाऊस नीट सुरू झाल्यावर लावावीत. लांबी, रुंदी व खोली प्रत्येकी ४५ सेंटिमीटर असा खड्डा घेऊन त्यात माती व कुजलेले शेणखत भरावे. दोन शेवग्यांत सुमारे अडीच ते तीन मीटर अंतर असावे.

शेवगा बियांपासून किंवा फांदीपासून होतो. मनगटाएवढी जाड व सुमारे एक मीटर लांब फांदी घेऊन तिचा तिसरा हिस्सा जमिनीत पुरावा. फांदीपासून झालेले झाड मूळ झाडासारखेच फळते. बियांपासून झालेल्या झाडात फरक पडू शकतो. बी त्याच वर्षाचे घ्यावे, कारण जुने होत जाते तशी त्याची उगवण घटते. तमिळनाडूतील पेरियाकुलम येथे निघालेला ‘पीकेएम-१’ हा वाण बियांपासूनच लावतात आणि तो वर्षाच्या आत शेंगा देऊ लागतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘कोकण रुचिरा’ हा वाणही उपलब्ध आहे.

हादगा सामान्यतः बियांपासून लावतात. बी रात्रभर पाण्यात भिजवून पिशवीत अथवा थेट खड्ड्यात पेरावे. शेळ्यांना दोन्हींचा पाला फार प्रिय असल्याने पहिल्या वर्षी बाभळीच्या काट्यांचे कुंपण अवश्य करावे. पहिल्या उन्हाळ्यात आळ्यात पालापाचोळा पसरावा. सुट्टीत हात धुण्याचे पाणीही बंद असते. म्हणून आठवड्यातून एकदा घागरभर पाणी घालण्याचे काम शाळेजवळच्या एखाद्या कुटुंबाकडे सुट्टीपूर्वीच सोपवावे.

छाटणी

या दोन वृक्षांतील सर्वांत मोठा भेद येथे आहे. शेवग्याला कोयत्याचे भय नाही. रोप पाऊण मीटर उंच झाल्यावर शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या फुटतात. शेंगांचा हंगाम संपल्यावर खोड सुमारे ९० सेंटिमीटरवर छाटले तरी नवी फूट जोमाने येते. न छाटलेला शेवगा उंच जातो, त्याच्या शेंगा हाती लागत नाहीत, आणि ठिसूळ फांद्या माणसाच्या भाराने मोडतात. मुलांना या झाडावर कधीही चढू देऊ नये.

हादग्याला अशी छाटणी मानवत नाही. संपूर्ण झाड वारंवार छाटल्यास ते मरते. मुख्य खोड तसेच ठेवून बाजूच्या फांद्यांचा पाला थोडा थोडा खुडावा. शेवग्याची छाटणी पाहून उत्साहाने हादग्यावरही कोयता चालविणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

आहारातील उपयोग

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने पूर्वी प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांप्रमाणे १०० ग्रॅम ताज्या पाल्यात शेवग्यामध्ये ६.७ ग्रॅम प्रथिने व ४४० मिलिग्रॅम कॅल्शियम, तर हादग्यामध्ये ८.४ ग्रॅम प्रथिने व ११३० मिलिग्रॅम कॅल्शियम आढळते. जमीन व पानांचे वय यांनुसार हे आकडे बदलतात. दोन्हींत ‘अ’ जीवनसत्त्व पुरविणारे कॅरोटीन विपुल असते. ‘क’ जीवनसत्त्वही भरपूर असते, परंतु शिजविताना त्याचा बराच भाग नष्ट होतो. म्हणून पाला चिरून धुऊ नये, आधी धुऊन मग चिरावा, आणि फार वेळ शिजवू नये. शेवग्याच्या पाल्याची चिमूटभर भुकटी म्हणजे सर्व रोगांवर औषध, असा प्रचार हल्ली ऐकू येतो. मुलाच्या पोटात मूठभर भाजी जाते तेव्हाच खरा लाभ होतो, हे पालकांना समजावून सांगावे.

शेवग्याचा कोवळा पाला डाळीत शिजवावा. शेंगा आमटीत घालाव्यात. हादग्याच्या फुलांतील मधला दांडा कडू असतो. तो काढून फुलांची भाजी किंवा भजी करावीत. शेवग्याचे मूळ व साल मात्र मुलांना खाऊ देऊ नये. हस्ताचा पाऊस ओसरला की हादगा फुलू लागतो आणि हिवाळाभर फुले देतो. शेवग्याच्या शेंगांचा मुख्य भर माघापासून पुढे असतो. अशा रीतीने शाळेच्या वर्षाचा मोठा भाग या दोन झाडांमध्ये वाटला जातो.

वर्गातील उपयोग

हादग्याचे एक रोप अलगद उपटून त्याच्या मुळांवरील गाठी मुलांना दाखवाव्यात. ताजी गाठ कापली असता आत गुलाबी दिसली, तर ती नत्र धरण्याचे काम करीत आहे असे समजावे. शेवग्याच्या एक-दोन पक्व बिया सोलून त्यांची बारीक पूड लिटरभर गढूळ पाण्यात घालावी, ढवळावे व तासभर स्थिर ठेवावे. गाळ तळाशी बसतो. शेजारी पूड न घातलेले तेवढेच गढूळ पाणी तुलनेसाठी ठेवावे. मात्र पाणी नितळ झाले म्हणजे ते निर्जंतुक झाले असे नव्हे. ते पिण्यापूर्वी उकळलेच पाहिजे, हेही त्याच पाठात सांगावे.

निवड कशी करावी

पहिल्या मोठ्या पावसानंतर मुलांसह शाळेच्या आवारात फिरावे आणि पाणी कोठे साचते, कोठून निघून जाते, हे पाहून खुणेच्या काठ्या रोवाव्यात. पाणी निघून जाते तेथे शेवगा, रेंगाळते तेथे हादगा. शेवग्यावर केसाळ अळ्या झुंडीने येतात व त्यांच्या स्पर्शाने अंगास खाज सुटते. त्यासाठी, आणि दोन्ही झाडांच्या फांद्या ठिसूळ असल्यामुळे, ती वर्गखोल्या व खेळाची जागा यांपासून दूर असावीत. आवार लहान असल्यास जागेला मानवेल असा एकच वृक्ष लावावा व तो जगवावा. वृक्षारोपणाच्या दिवशी लावलेल्या रोपांची संख्या नोंदविली जातेच. दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये जिवंत असलेल्या झाडांची संख्याही त्याच वहीत मुलांच्या हातून लिहून घ्यावी.