अखेरचे उपचार: इच्छा रुग्णाची, राखण कायद्याची

मरण ही पूर्वीं बहुधा घरांत घडणारी गोष्ट होती. वैद्यानें हात टेकले कीं आप्तेष्ट उशाशीं बसत आणि पुढें निसर्ग आपलें काम करी. आतां श्वसनयंत्र छातीचा भाता हालवितें, नळीवाटे अन्न पोटांत जातें, आणि बरें होण्याची आशा सुटल्यावरहि शरीर पुष्कळ दिवस टिकवितां येतें. त्यामुळें एक नवाच प्रश्न उभा राहिला आहे. हे उपचार कोठें थांबवावे, हें ठरवावें कोणीं? रुग्णानें, आप्तांनीं, डॉक्टरांनीं, कीं सरकारनें?

इच्छामरण हा शब्द उच्चारतांच शरपंजरीं पडून उत्तरायणाची वाट पाहणारे भीष्माचार्य डोळ्यांपुढें येतात. कायद्याचा विचार याहून निराळा आहे. प्राणघातक औषध देऊन एखाद्याचें जीवन संपविणें हा भारतांत गुन्हाच आहे. मग रुग्णानें हात जोडून तें मागितलेलें असो. ज्यांचा कांहींच उपयोग उरलेला नाहीं असे उपचार न देणें, किंवा चालू असलेले थांबविणें, ही दुसरी गोष्ट होय. पहिल्या प्रकारांत मनुष्य मृत्यु घडवितो; दुसऱ्यांत रोग आपल्या वाटेनें जातो. वेदना शमविणें, स्वच्छता राखणें आणि सोबत करणें हीं कर्तव्यें मात्र या दुसऱ्या प्रकारांतहि सुटत नाहींत.

हा भेद भारतांत ज्या प्रकरणानें घरोघर पोंचला, तें मुंबईचें आहे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं तेथेंच अमानुष अत्याचार झाला. गळा आवळला गेल्यामुळें मेंदूस कायमची इजा झाली, आणि अरुणाबाई पुनः कधींच पूर्वस्थितीवर आल्या नाहींत. त्याच रुग्णालयांतील परिचारिकांनीं १८ मे २०१५ रोजीं त्यांचा अंत होईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्यांची शुश्रूषा केली.

मध्यंतरीं लेखिका पिंकी विराणी यांनीं सर्वोच्च न्यायालयाकडे मागणी केली कीं, अन्न भरवून हा देह जगविणें थांबवावें. रुग्णालयांतील सेवकवर्गानें तिला विरोध केला. दोन्ही पक्षांच्या मनांत ममताच होती. परंतु स्वतः अरुणाबाईंना काय हवें होतें, हें सांगणारा एकहि कागद कोणापाशीं नव्हता. ७ मार्च २०११ रोजीं न्यायालयानें ती मागणी फेटाळली. ज्यांनीं इतकीं वर्षें सेवा केली, तेच त्यांच्या वतीनें बोलण्यास पात्र होत, असें न्यायालयानें ठरविलें. मात्र, उच्च न्यायालयाची परवानगी घेऊन अशा रुग्णाचे उपचार थांबवितां येतील, हें तत्त्व त्याच निकालानें मान्य केलें.

त्यापुढील पाऊल ९ मार्च २०१८ रोजीं पडलें. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर पांच न्यायाधीशांनीं निकाल दिला कीं, राज्यघटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्कांत सन्मानानें मरण्याचा हक्कहि येतो. शुद्धीवर असलेला सज्ञान मनुष्य उपचार नाकारूं शकतो. आणि शुद्ध हरपल्यास काय करावें, हें तो आधींच लिहूनहि ठेवूं शकतो. या लेखास ‘लिव्हिंग विल’ म्हणतात. मृत्युपत्र मरणानंतर बोलूं लागतें. हें पत्र मरणापूर्वीं, पण वाचा गेल्यावर बोलतें.

हक्क मिळाला, तरी त्याची वाट बिकट होती. पत्रावर न्यायदंडाधिकाऱ्याची स्वाक्षरी लागे. पुढें वीस वर्षें अनुभव असलेल्या तज्ज्ञांचें एक मंडळ, त्यावर जिल्हाधिकाऱ्यानें नेमलेलें दुसरें, आणि अखेर दंडाधिकाऱ्यानें रुग्णास समक्ष पाहणें! ज्याचे थोडेच दिवस उरले, त्याचे कागद पुरे होण्याआधीं आयुष्यच पुरें व्हावें, अशी ही तऱ्हा होती. म्हणून २४ जानेवारी २०२३ रोजीं न्यायालयानें स्वतःच आपले नियम हलके केले. आतां दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढें पुरतें. मंडळें दोनच राहिलीं. तज्ज्ञांस पांच वर्षांचा अनुभव पुरेसा ठरला. प्रत्येक मंडळानें शक्यतों अठ्ठेचाळीस तासांत मत द्यावें असें ठरलें. दंडाधिकाऱ्यास केवळ कळवावयाचें असतें. मंडळानें नकार दिल्यास उच्च न्यायालयाचें दार उघडें आहे.

मग सरकारनें यांत पडावेंच कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर रुग्णाच्या असहायतेंत आहे. निजलेल्याच्या नांवानें जागे असलेले बोलतात. त्यांच्यांत वारसाहक्कावर डोळा ठेवणारा एखादा असूं शकतो, आणि खर्चानें टेकीस आलेला तर पुष्कळदां असतोच. पैसा संपला म्हणून रुग्णास घरीं नेणें ही निवड नव्हे, ती लाचारी आहे. म्हणून दुसऱ्या मंडळांत बाहेरचा डॉक्टर लागतो, आणि तो जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानें नेमावयाचा असतो. नियम कुंपणासारखा असावा. त्यानें पीक राखावें, पण धन्याचीच वाट अडवूं नये.

मात्र कुंपण घालून शेत पिकत नाहीं. कायदा लिहिलेल्या इच्छेची राखण करील. न लिहिलेली इच्छा त्याला सांपडणार नाहीं. असें पत्र शहाण्या व सज्ञान मनुष्यानें स्वखुषीनें लिहावें, आपल्या वतीनें बोलणाऱ्या विश्वासू माणसांचीं नांवें त्यांत घालावीं, आणि त्याची प्रत घरच्यांस, नेहमींच्या डॉक्टरास व स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्यास द्यावी. मन बदलल्यास तें केव्हांहि लेखी रद्द करतां येतें. ‘अशुभ बोलूं नये’ म्हणून घरांत हा विषय टाळला जातो. पण न बोललेल्या गोष्टीचा निर्णय शेवटीं रडणाऱ्या मुलांवर येऊन पडतो, आणि आपण बरोबर केलें कीं चूक, हा प्रश्न त्यांना जन्मभर पुरतो. तें ओझें त्यांच्यावर टाकूं नये, एवढें तरी प्रत्येकाच्या हातीं आहे.