अम्लरेखन : मोजक्या प्रतींतला माणूस

छापलेले चित्र म्हणजे नक्कल, असे आपण सहज बोलून जातो. त्यात नवल नाही. चोपड्यासारख्या गावात छापील चित्र म्हणजे देव्हाऱ्यावरची तसबीर, नाहीतर दिनदर्शिका. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढून देवादिकांना घरोघर पोहोचवले, त्याचाच हा वारसा. चित्रकार ज्याला ‘एचिंग’ म्हणतात ते अम्लरेखन मात्र निराळे.

तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा लेप देऊन त्यावर सुईने चित्र काढतात. पत्रा अम्लात बुडवला की उघड्या पडलेल्या रेषा तेवढ्या खाल्ल्या जातात. त्या खाचांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची, ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढायचा. चित्र उमटते ते आरशातल्यासारखे उलटे. शाई दर खेपेस हातानेच पुसायची, म्हणून दोन प्रती जुळ्या भावंडांसारख्या असतात. सारख्या खऱ्या, पण एक नव्हेत. प्रत्येक प्रत मूळच.

रेम्ब्रांट या डच चित्रकाराने १६३६ साली स्वतःचे व पत्नी सास्कियाचे असे एक चित्र केले. आकार तळहाताएवढा, जेमतेम साडेदहा बाय साडेनऊ सेंटिमीटर. लग्नाला तेव्हा दोन वर्षे झाली होती. पुढे तो, मोठा, जुन्या काळच्या पोशाखात, चित्र काढण्याच्या तयारीत. मागे ती, आकाराने लहान. टोपीची सावली त्याच्या डोळ्यांवर आली आहे. दोघे इतकी जवळ बसूनही एकमेकांकडे पाहत नाहीत. नवराबायकोच्या सहवासात प्रत्येकाचे आपापले असणे शिल्लक राहते, ते येथे काही रेषांत उतरले आहे. हे चित्र लांबून दिसत नाही. कागद हाती घेऊन डोळ्यांजवळ धरावा लागतो, घरच्या पत्रासारखा.

रेम्ब्रांट प्रतींवर क्रमांक घालीत नसे. पत्रा झिजे, रेषा फिक्या पडत, तीच मर्यादा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मात्र संख्या आधी ठरवून पेन्सिलीने ७/५० असे लिहिण्याची रीत रुळली. ठरलेल्या प्रती निघाल्या की पत्र्यावर रेघा ओढून तो बाद करतात. यात बाजाराचा हिशेब आहे, हे कबूल केले पाहिजे. तरी घेणाऱ्याला मिळणारा भरवसा खोटा नव्हे.

गोव्याला ही विद्या परकी नाही. मडगावचे लक्ष्मण पै १९५१ साली पॅरिसला गेले व तेथे अम्लरेखन शिकले. पुढे १९७७ ते १९८७ या काळात ते गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते.

प्रदर्शनात अशी प्रत दिसली तर आधी चित्राभोवतीचा कागद निरखावा. पत्र्याच्या दाबाने तेथे चौकोनी खळगा पडलेला असतो. देव्हाऱ्यावरच्या तसबिरीत तो सापडत नाही.