सायकलीमागचा लाल दिवा

पहाटे चार-साडेचारच्या सुमारास वेंगुर्ला रस्त्याने बेळगावकडे निघालेल्या सायकली आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिल्या असतील. उचगाव, सुळगे, हिंडलगा ह्या भागातून कोणी भाजी घेऊन निघतो, कोणी दुधाचे कॅन घेऊन. मोटरसायकली घरोघरी आल्या तरी ह्या सायकली अजून संपलेल्या नाहीत.

गेल्या श्रावणात ह्याच रस्त्यावर आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यास मागून आलेल्या टेंपोने धडक दिली. जीव वाचला, पण मांडीचे हाड मोडले आणि त्या वर्षीची रताळ्यांची काढणी घरच्या बायकांना मजूर लावून उरकावी लागली. "मला सायकल दिसलीच नाही," असे टेंपोवाला शेवटपर्यंत म्हणत होता. पुढे आम्ही ती सायकल पाहिली, तेव्हा तो खोटे बोलत नसावा असे आम्हांस वाटले. सीटखालच्या दांड्यास लाल दिवा होता. पण कॅरिअरवरच्या मेथीच्या ओझ्याआड तो पुरता झाकला जात होता. शिवाय तो पेटतही नव्हता. दिवा चार्जिंगचा होता. चार्जिंगच्या भोकावरचे रबरी बूच केव्हा तरी तुटून पडले होते आणि आत पावसाचे पाणी शिरले होते. किती दिवसांपासून तो बंद होता, हे त्या गृहस्थांना सांगता आले नाही. येणार तरी कसे? सायकल चालविणाऱ्यास पुढचा दिवा दिसतो. मागचा त्याचा त्यास कधीच दिसत नाही.

ताशी 60 किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे जाते. चालकाच्या लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद तरी जातो, म्हणजे 25 मीटर गेले. ओल्या रस्त्यावर गाडी थांबेपर्यंत आणखी तितकेच अंतर लागते. काळ्या घोंगडीतला किंवा गडद रेनकोटातला माणूस मंद केलेल्या हेडलाईटमध्ये पुष्कळदा ह्याहून जवळ आल्यावरच नजरेस येतो. लाल दिवा मात्र दुरूनच दिसतो, आणि त्यावरच सारे अवलंबून असते.

पूर्वी डायनमो असे. टायरला घासून फिरणाऱ्या त्या बाटलीतून 6 व्होल्टवर 3 वॅट वीज मिळे, त्यातील 2.4 वॅट पुढच्या दिव्यास आणि 0.6 वॅट मागच्या. सेलचा खर्च नाही, ही त्याची मोठीच सोय होती. पण चढावर पाय जड होत, आणि सायकल थांबली की दिवा विझे. नेमके रस्ता ओलांडण्यास थांबावे तेव्हाच अंधार. आता लहान एलईडी दिवे आले आहेत. त्यांत एक प्रकार चार्जिंगचा, दुसरा सेल बदलण्याचा. शहरात कचेरीत जाणाऱ्यास चार्जिंगचा दिवा खुशाल चालेल. पण तो बहुधा बंदिस्त असतो. आतला सेल दोन-चार वर्षांनी थकला की अख्खा दिवाच टाकून द्यावा लागतो, आणि रात्री वीज गेली तर पहाटे तो उपाशीच. खेड्यातल्या माणसाने सेल बदलता येणारा दिवा घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. बिघडला तर तो उघडून पाहता येतो, पुसता येतो आणि गावच्या किराणा दुकानातील सेलवर पुन्हा चालू करता येतो.

मात्र सेल कोणता लागतो ते आधी पाहावे. घड्याळात आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये घालतात ते पेन्सिल सेल, जाड असोत वा बारीक, सगळीकडे मिळतात. बारीक सेलास कंपन्या एएए म्हणतात. असे दोन सेल बसणारा दिवा उत्तम. अल्कलाईन जातीच्या बारीक सेलात साधारण 1000 मिलिअँपिअर-तास वीज असते. दिवा 20 मिलिअँपिअर घेत असेल तर 50 तास चालेल. रोज दीड तास वापरला तर महिना निघतो. दोन सेल एकामागे एक जोडलेले असले तरी हिशेब हाच. साधे स्वस्त सेल ह्याच्या निम्मेच पुरतात. पुन्हा चार्ज होणारे निकेलचे सेलही चालतात. त्यांचा दाब 1.5 ऐवजी 1.2 व्होल्ट असल्याने काही दिवे किंचित मंद दिसतात, पण रोज वापरणाऱ्यास ते वर्षभरात स्वस्त पडतात. घेताना दोन जोड्या घ्याव्यात; एक दिव्यात, एक घरी चार्ज करून ठेवलेली.

सेल एकदम मरत नाही, तो हळूहळू मंदावतो, आणि ते मागे वळून पाहिल्यावाचून कळत नाही. म्हणून नवे सेल घातले की चिकटपट्टीवर तारीख लिहून झाकणाच्या आत लावावी. एक जुना आणि एक नवा अशी जोडी कधीही लावू नये. जुना लवकर गळतो. गळलेल्या अल्कलाईन सेलाची पांढरी पूड कातडीस आणि डोळ्यांस भाजते. ती हाताने खरवडू नये. कापडाच्या बोळ्यावर थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन स्प्रिंग पुसावी, पूर्ण वाळू द्यावी, मग नवे सेल घालावेत. सायकल महिनाभर उभी राहणार असेल तर सेल काढूनच ठेवावेत.

दुकानात दिवा पेटवून तळहातावर चार वेळा आपटून पाहावा, दुकानदार रागावला तरी. आपल्या रस्त्यांवरचे खड्डे त्याहून जोराने आपटतात. स्प्रिंग सैल असली तर प्रकाश विझतो किंवा लुकलुकतो. असा दिवा परत द्यावा. झाकण स्क्रूने बंद होणारे किंवा नाण्याने उघडणारे असावे आणि सांध्यात रबरी कडी असावी. नुसते दाबून बसविलेले झाकण उसळीत उडून जाते. आमच्याकडचे एक झाकण असेच गेले, ते आजवर सापडलेले नाही. पाकिटावर आयपीएक्स-4 असे लिहिले असेल तर चारही बाजूंनी उडणारे पाणी तो दिवा सोसतो, असा त्याचा अर्थ.

दिवा लावण्याची जागा ओझे बांधून झाल्यावर ठरवावी, रिकाम्या सायकलीवर नव्हे. भाजीवाल्यास आणि दूधवाल्यास सीटखालची जागा निरुपयोगी आहे. कॅरिअरच्या मागच्या टोकास बोल्टाने बसणारे दिवे मिळतात. त्यांच्या बोल्टांतील अंतर 50 किंवा 80 मिलिमीटर असते, तेव्हा आपल्या कॅरिअरची पट्टी मोजूनच दुकानात जावे. पट्टी नसेल तर मागच्या मडगार्डवर खाली बसवावा. काच सरळ मागे पाहील असे करावे. आकाशाकडे तोंड केलेला दिवा काय कामाचा? लुकलुकता दिवा लवकर लक्ष वेधतो, पण सायकल किती दूर आहे हे स्थिर दिव्यावरून अधिक नीट कळते. आम्ही स्थिरच ठेवतो. जर्मनीत तर सायकलीवर लुकलुकत्या दिव्यांस कायद्यानेच मनाई आहे. लाल रिफ्लेक्टर काढून टाकू नये. सेल संपले तरी तो मागच्या गाडीच्या उजेडात चमकतो, फक्त त्यावरचा चिखल पुसलेला हवा.

लहान मुले असलेल्या घरात बटण सेलाचा दिवा आणू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. सीआर-2032 हा चपटा सेल 20 मिलिमीटर रुंद असतो. मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून गंभीर इजा होऊ शकते. मूल लाळ गाळते, खात नाही, खोकते, आणि घरचे सर्दी समजतात. नुसता संशय आला तरी उलटी करवू नये, जेवू घालू नये; एक्स-रेची सोय असलेल्या इस्पितळात तडक न्यावे. मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळता येत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध द्यावा, सहा वेळांपर्यंत. त्याने इजा कमी होते. घरी मध नसेल तर तो शोधण्यात वेळ घालवू नये.

संपलेले सेल उकिरड्यावर टाकण्याची सवय आपल्याकडे आहे. तोच उकिरडा पुढे खत होऊन शेतात जातो, आणि सेलातील धातू मातीत राहतात. वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी 2022 च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. तालुक्याच्या गावी जाईपर्यंत ते झाकणाच्या डब्यात, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवावेत. बटण सेल असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंस चिकटपट्टी लावून.